धूळ समजून

"तुमच्या वह्यांत कडेला पेन्सिलीचे ठिपके आहेत ना बाबा, बारीक बारीक, ते आमचं पानं वाचणारं मशीन धूळ समजून काढून टाकतं," पावाला लोणी लावता लावता मुलगी म्हणाली, "मीच शिकवलं त्याला. आता पान कसं लख्ख दिसतं!" आणि तिने सुरी बशीच्या कडेला पुसली. एवढंच झालं. त्याच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला, चहा हिंदकळला, बायकोने मान वर केली, आणि तिने काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "काही नाही, गरम आहे." चहा केव्हाच कोमट झाला होता. बायकोला ते माहीत होतं, पण सकाळच्या घाईत नवऱ्याच्या थापा तपासत बसायला कुणाला वेळ असतो. मुलगी बोलतच होती. शुक्रवारी बाई स्वतः येणार, बाई स्वतः कळ दाबणार, परवा बाईंनी तिला सगळ्यांसमोर नावाने हाक मारली. त्याला सगळं ऐकू येत होतं, पण डोक्यात ते ठिपकेच होते.

बाई म्हणजे निवडून येऊन नुकताच कारभार हाती घेतलेल्या बाई. त्यांना नाव होतं, आडनाव होतं, पण निवडणुकीच्या आधीपासूनच सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत, कारण त्या पूर्वी यंत्रविद्येच्या कॉलेजात शिकवायच्या आणि त्यांचे विद्यार्थी गल्लोगल्ली पसरले होते. भाषणात त्यांनी कधी मूठ आपटली नाही. एक साधा कागद हातात धरून त्या उभ्या राहायच्या. "हा जन्माचा दाखला. हा मिळवायला आज तुम्हाला अकरा दिवस लागतात. माझ्या शंभराव्या दिवशी तो तीन मिनिटांत मिळेल, आणि त्यासाठी कुणापुढे हात जोडावे लागणार नाहीत." घरातल्या टीव्हीसमोर बसून हे ऐकताना त्याला भरून आलं होतं. सत्तावन्न वर्षांच्या माणसाने राजकारण्याच्या भाषणाला गहिवरावं हे काही बरं दिसत नाही, म्हणून तो उठून पाणी प्यायला गेला होता. मत त्याने बाईंनाच दिलं. निकालाच्या दिवशी मुलगी नाचली, बायको हसली आणि त्यानेही चार टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं होतं की आता काहीतरी होईल. आज सत्त्याण्णवावा दिवस होता.

गहिवरायचं कारण त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तो नऊ वर्षांचा असताना बापाचं बोट धरून दाखल्याच्या अशाच एका सरकारी खिडकीसमोर उभा होता. दोन तास रांगेत उभं राहून बापाचा नंबर लागला. आतल्या कारकुनाने फॉर्मवर बापाचं जन्मसाल लिहिलं, तेही चुकीचं, चांगलं तीन वर्षांनी पुढचं, आणि न बघताच विचारलं, "बरोबर आहे ना?" बापाला स्वतःचं साल पक्कं ठाऊक होतं. तो वाकून ते साल वाचत होता, मुलाने पाहिलं. मग बापाने कारकुनाच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं, आणि म्हणाला, "हो साहेब, बरोबर." बाहेर आल्यावर पायरीवर थांबून त्याने घाम पुसला आणि सांगितलं, "आईला बोलू नकोस." त्या सालापायी बापाला कारखान्यात तीन वर्षं जास्त राबावं लागलं. शेवटच्या वर्षी तर त्याला जिना चढताना मधे बसावं लागायचं. मुलगा मोठा झाला, अक्षर चांगलं होतं, आणि नशीब असं की नोकरी लागली ती नेमकी नोंदणी कार्यालयात, खिडकीच्या आतल्या बाजूला.

तो नक्कलकार होता, जुने कागद हाताने उतरवून काढणारा. तो नोकरीला लागला त्याच वर्षी कार्यालयाच्या तळघरात पाण्याचा मोठा पाइप फुटला आणि शहराच्या साठ वर्षांच्या जन्ममृत्यूच्या वह्या दोन दिवस पाण्यात राहिल्या. वाळवल्यावर पानं फुगली, शाई पसरली, बुरशी धरली. त्या वह्या नव्या वह्यांत उतरवून काढायला पाच नक्कलकार बसवले आणि ते काम अकरा वर्षं चाललं. नियम असा होता की जसंच्या तसं उतरवायचं. पण जे पाण्याने पुसलंय ते जसंच्या तसं उतरवायचं कसं, याचं उत्तर नियम करणाऱ्यांनी दिलं नव्हतं. ते दिलं मोठ्या बाबूंनी, म्हणजे पाचांतल्या सगळ्यात जुन्या माणसाने. "वाचता येईना तर भिंगाने बघा. तरी येईना तर उन्हात धरा. तरी येईना तर अंदाजाने लिहा, पण कडेला ठिपका द्या. पेन्सिलीचा. पुढे कधी खात्री पटली तर खोडता येतो." हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. ठेवणार तरी कसं, अंदाज करायला मुळात परवानगीच नव्हती. तोंडीच ते खिडकीवरच्या कारकुनांना सांगितलं गेलं: ठिपका दिसला की विचारा. शाळेचा कागद मागा, शेजारी बोलवा, मोठी बहीण असेल तर तिला आणा. लोक वैतागायचे, पण चार प्रश्नांनंतर खरं काय ते निघायचं. पुढे बुरशीच्या वासाने लोकांना खोकला धरायला लागला म्हणून मूळ वह्या जाळून टाकल्या. खिडक्या बंद होऊन दिवाणखान्यासारखी थाटाची नवी खोली झाली, तिथे नवी मुलं आली, त्यांना कुणी काही सांगितलं नाही. मोठे बाबू गेले. बाकीचे तिघे एकेक करून निवृत्त झाले, दोघे वारले, तिसऱ्याला आता स्वतःचा मुलगाही ओळखू येत नाही. उरला तो एकटा, त्याचं भिंग घेऊन. नवी मुलं त्याला भिंगकाका म्हणायची, आणि त्यालाही ते आवडायचं.

बसमध्ये त्याला बसायला जागा मिळाली, तरी तो उभाच राहिला. तो मनातल्या मनात पानं उलटायला लागला. किती ठिपके असतील? पाच माणसं, अकरा वर्षं. बरी पानं असली तर आठवड्याला एखादा, वाईट असली तर पाच-सहाही. आकडा पुढे सरकवायची त्याची हिंमत होईना. आणि शुक्रवारपासून नवा कायदा लागू होणार होता, त्यातली ओळ त्याने वर्तमानपत्रात स्वतः दोनदा वाचली होती: यंत्रातली नोंद हीच अंतिम नोंद. वाचताना त्याला ती ओळ आवडली होती. आता कुणी कुणाच्या बापाला खोटं साल चिकटवणार नाही, असंच त्याच्या मनात आलं होतं. म्हणजे काय वाचलं आपण? खिडकीबाहेर दुकानांची दारं उघडत होती. एक माणूस काचेवर फडकं मारत होता, रोजच्यासारखा, आणि त्याला त्या माणसाचा हेवा वाटला.

कार्यालयाच्या दिवाणखान्यात चाचणीसाठी नव्या यंत्राचा एक पडदा लावला होता. समोर एक म्हातारा उभा होता, हातात टोपी, घाबरलेला. कार्यालयातल्या एका नव्या मुलीने त्याचं बोट धरून कळा दाबल्या. पडद्यावर गोल फिरलं, थांबलं, आणि खालून कागद बाहेर आला, गरम गरम. म्हाताऱ्याने तो दोन्ही हातांनी घेतला. "झालं?" त्याने विचारलं. "झालं आजोबा." "सही?" "लागत नाही." म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून टपकन पाणी आलं आणि तो स्वतःलाच हसला. आजूबाजूचे लोकही हसले, चांगल्या मनाने. भिंगकाकाही हसला. खोटं कशाला बोला, त्याला आनंदच झाला होता, आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ भीती अशी आली की त्याने भिंतीला हात टेकला. म्हातारा निघून गेल्यावर तो पडद्यासमोर उभा राहिला. त्याला एक नोंद आठवत होती. सगळ्या विसरल्या तरी ती विसरणं शक्य नव्हतं. जुळ्या बहिणी, वय चार वर्षं, एक तापाने गेलेली. जन्माच्या वहीत दोघींची नावं होती, पण मृत्यूच्या वहीत बापाचं नाव स्पष्ट, गल्ली स्पष्ट, आणि मुलीच्या नावावरून पाण्याचा ओघळ गेलेला. दोन दिवस त्याने ते पान सोडलं नव्हतं. भिंग, ऊन, खालून दिवा, सगळं झालं. शेवटी दोघींपैकी एकीचं नाव लिहिलं आणि ठिपका दिला. दिल्यावर पेन्सिल खाली ठेवून तो बाहेर जाऊन सिगारेट ओढून आला होता, आयुष्यातली पहिली आणि शेवटची. आता त्याने ते नाव पडद्यावर टाकलं. गोल फिरलं. मृत, पडद्याने सांगितलं, आणि खाली त्याचंच अक्षर दिसलं, स्वच्छ, वळणदार, कडेला काही नाही. पडदा विचारत होता, दाखला छापायचा का? दुसरं नाव टाकायचं धैर्य त्याला झालं नाही. त्या नावाची बाई जिवंत असेल तर साठीची असेल. कुठेतरी पोळ्या लाटत असेल, नातवंडांना ओरडत असेल. आणि मेलेली ती आहे की तिची बहीण, हे त्याने एका दुपारी ठरवलं होतं.

उतरवून काढलेल्या वह्या अजून होत्या. मागच्या आवारात, ताडपत्रीखाली, गठ्ठे बांधून. पाठीवरून कापून त्यांची पानं मोकळी केली होती, कारण मशीनला वही चालत नाही, सुटं पान लागतं. शुक्रवारी कळ दाबली की ट्रक येणार आणि सगळं कागदाच्या गिरणीत लगद्याला जाणार. त्याने ताडपत्रीचं टोक उचललं. वरच्याच पानावर, कडेला, एक ठिपका होता. त्याने अंगठा त्याच्याजवळ नेला आणि पुसला जाईल म्हणून मागे घेतला. पहारेकरी लांबून म्हणाला, "काय भिंगकाका, लेक सासरी निघाल्यासारखं बघताय!" तो हसला. हसणं ही आता त्याची सवयच झाली होती.

बुधवारी तो कार्यालयप्रमुखांच्या खोलीत गेला. काय बोलायचं ते त्याने रात्रभर घोकलं होतं. प्रमुख त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होते आणि त्याला अहोजाहो करायचे. "या या, तुम्हालाच बोलावणार होतो. शुक्रवारी बाईंच्या शेजारी तुम्ही उभे राहायचं. हा माणूस आणि हे मशीन! वडलांनी लिहिलं आणि मुलीने वाचलं! अहो, वर्तमानपत्रवाले वेडे होतील." त्याने तोंड उघडलं. "साहेब, ते वह्यांचं जरा... काही नोंदी..." "नोंदी शंभर टक्के वाचल्या गेल्यात. तुमच्या लेकीचाच अहवाल आहे. चांगला शर्ट घाला म्हणजे झालं." त्याने पाहिलं तर प्रमुखांच्या हातात पेन होतं. बाकी काही नाही, नुसतं पेन. "हो साहेब," तो म्हणाला आणि बाहेर आला. पायरीवर थांबून त्याने घाम पुसला, आणि पुसता पुसता त्याला स्वतःची इतकी शिसारी आली की रुमाल त्याने खिशात न ठेवता मुठीतच आवळून धरला.

त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "दोन दिवस झाले, तुम्ही जेवता की नुसतं ताटाशी बसता? पोरीचा एवढा मोठा दिवस, आणि चेहरा बघा." त्याला वाटलं हिला सांगावं. पण सांगितलं असतं तर तिने पहिला प्रश्न विचारला असता: मग आपल्या पोरीचं काय होईल? आणि त्या प्रश्नापासूनच तर तो लांब पळत होता. ठिपके मशीनने आपल्या मनाने काढून टाकले नव्हते. मुलीने त्याला तसं शिकवलं होतं. उद्या बोभाटा झाला तर बोट मशीनकडे जाणार नाही, सव्वीस वर्षांच्या मुलीकडे जाईल. तिच्या खोलीच्या दाराला बाईंचं प्रचारातलं चित्र चिकटवलेलं होतं. मुलीने चार महिने फुकट दारोदार फिरून पत्रकं वाटली होती, पायाला फोड आलेले त्याने स्वतः पाहिले होते. लोकांचं भलं होईल यावर तिचा असा विश्वास होता की त्याला तिच्याकडे बघतानाच भीती वाटायची, लहानपणी ती गच्चीच्या कठड्यावर वाकायची तेव्हा वाटायची तशी.

तरीही गुरुवारी तो मुलीकडे गेला. तिचं कार्यालय नव्या इमारतीत होतं, सगळीकडे काच. मुलीने त्याला पाहिलं आणि लगबगीने बाहेर आली. "बाबा? आईला काही झालं का?" "नाही गं. ते ठिपके..." मग तो बोलत गेला. पाण्याचा पाइप, मोठे बाबू, भिंग, ऊन, जुळ्या बहिणी. एका दमात, जिन्याजवळ उभं राहून. लोक येत जात होते. मुलगी हुशार होती, तिला दुसऱ्याच वाक्याला कळलं होतं. उरलेली वाक्यं तिने नुसती सोसली. तिच्या ओठांचा रंग गेला.

"किती आहेत असे?" तिने विचारलं.

"चार हजार. पाच हजारही असतील."

"साफ करण्याआधीची पानांची चित्रं आम्ही ठेवली नाहीत. जागा नव्हती म्हणून साफ केलेलीच ठेवली. म्हणजे ठिपके आता फक्त त्या गठ्ठ्यांत आहेत." ती स्वतःशीच बोलत होती. मग एकदम त्याच्याकडे वळली. "त्यातले बरोबर किती, बाबा? तुमचे अंदाज?"

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"माहीत नाही गं. माहीत असतं तर ठिपका कशाला दिला असता?"

"हे तीस वर्षांत कुणाला सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "तुम्ही घरी जा. मला विचार करू दे." त्या रात्री ती जेवायला बाहेर आली नाही. दाराच्या फटीतून उजेड दिसत होता. तो दोनदा दारापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा परत फिरला. ती गप्प बसेल, असं त्याला वाटत होतं. गप्प बसली तर बरं, असंही वाटत होतं, आणि ते वाटतंय हे लक्षात आल्यावर तो अंधारात उठून बसला.

शुक्रवारी त्याने चांगला शर्ट घातला. दिवाणखाना माणसांनी भरला होता, कॅमेरे होते, बाहेरच्या पायऱ्यांवरही लोक उभे होते. बाई टीव्हीवर दिसतात त्यापेक्षा ठेंगण्या निघाल्या. त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि खरोखरच थांबून विचारलं, "एवढं बारीक वाचून डोळे दुखत नाहीत?" इतका साधा प्रश्न त्याला आजवर कुठल्याही मोठ्या माणसाने विचारला नव्हता. मग मुलगी पडद्यापाशी गेली आणि माहिती सांगायला लागली. सहाशे बारा वह्या, बावीस लाख नोंदी. आवाज ठीक होता. मधेच ती थांबली. हातातला कागद तिने घडी करून खाली ठेवला. "एक गोष्ट या अहवालात नाही," ती म्हणाली, "आणि ती माझी चूक आहे." आणि तिने सांगितलं. ठिपके काय होते, पाच नक्कलकारांनी ते का दिले, ते कुणी पुसून टाकले, गठ्ठे कुठे आहेत. बापाला तिने कुठेही पुढे केलं नाही. सगळं मी, मी, मी म्हणून सांगितलं. कार्यालयप्रमुखांचा चेहरा कागदासारखा झाला. कॅमेरे मुलीच्या तोंडाजवळ गेले, आणि त्याला दिसलं की तिच्या मानेवरची शीर उडते आहे.

बाई रागावल्या नाहीत. त्या सरळ त्याच्याकडे वळल्या. "त्या पाचांतले तुम्हीच आहात ना? मग हे तुमच्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. हे अंदाज बरोबर असतील की नाही? मला स्पष्ट सांगा. तुम्ही शंका आहे म्हणालात, तर ट्रक आत्ता थांबवते. कळ दीड-दोन महिन्यांनी दाबू. शंभर दिवसांचे दीडशे झाले म्हणून माझं काही बिघडत नाही."

त्या हे मनापासून म्हणत होत्या. त्याला अक्षर वाचता यायचं तसं ते वाचता आलं, भिंगाशिवाय. आयुष्यभर तो हाच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून वाट बघत होता, आणि विचारणारी समोर उभी होती, त्याच्या उत्तरासाठी थांबलेली, घड्याळाकडे न बघता. फक्त दोन शब्द म्हणायचे होते. ते त्याला काल म्हणता आले होते. पण काल तिथे फक्त मुलगी होती, आणि आज एवढे सगळे डोळे होते, आणि त्या डोळ्यांच्या मधोमध मुलगी होती. शंका म्हटलं की हे सगळे डोळे तिच्यावर जाऊन पडतील आणि तिथेच राहतील. उद्याच्या वर्तमानपत्रात तिचं चित्र असेल. मागच्या आवारात ट्रकचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

"जवळपास सगळे बरोबर आहेत, बाई," तो म्हणाला. "हात बसलेला होता आमचा. ठिपके आपले... सवयीने दिलेले."

"नक्की?"

"नक्की."

बाईंनी मोठा श्वास सोडला. त्यांचा त्याच्यावर विश्वास बसला होता, का बसणार नाही? "अशी प्रामाणिक मुलं आणि अशी जाणती माणसं असल्यावर मला कसली काळजी," त्या लोकांना म्हणाल्या, आणि पुढे होऊन त्यांनी कळ दाबली. पडद्यावर हिरवा उजेड पसरला. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले, पायऱ्यांवरचे लोकसुद्धा, ज्यांना आत काय झालं ते कळलंच नव्हतं. मुलगी गर्दीतून त्याच्यापाशी आली. तिचा चेहरा अगदी शांत होता. कुणीतरी तिची पाठ थोपटली, तिकडे तिने पाहिलं नाही. तिने तोंड त्याच्या कानाजवळ नेलं, कारण टाळ्यांत ऐकू गेलं नसतं.

"बाबा, मी तयार होते," ती म्हणाली.

ती पुढे निघून गेली, बाईंच्या मागोमाग, आणि तो टाळ्या वाजवत राहिला, कारण थांबलं तर हातांचं काय करायचं ते त्याला सुचेना.